बोटाने लांब सारलेली खोली

माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या समुपदेशक मॅडम, केंद्रातली मुलं-मुली आणि माझ्यासारखे जीव टांगणीला लागलेले आईबापहो,

मी चष्म्याचा दुकानदार. भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. माझी धाकटी लेक गोळ्यांच्या व्यसनातून सुटायला इथे दाखल झाली, म्हणून मी इथला.

वरच्या मजल्यावरची ती दुपारची खोली आठवते ना तुम्हाला? पडदे अर्धे ओढलेले, ऊन फरशीवर सांडलेलं आणि मुलं आपापल्या फोनवर गुंग. मॅडमनी आणलेल्या अ‍ॅपवरचा तो सराव: मोहात पाडणारं चित्र आलं की बोटाने लांब सारायचं, हवंसं आलं की जवळ ओढायचं. फोटो ज्याचे त्याने निवडायचे. कुणी बोलत नसे. सगळी मिळून निजलेल्या बाळावरच्या माश्या वारताहेत, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही डुलकी लागायची.

एकदा लेकीशेजारी बसलो होतो. गोळ्यांचं पाकीट आलं, तिने सारलं. मग आली आमच्या घरातली तिची स्वतःची खोली. ती परत येईल म्हणून मी जिला नवा रंग दिला होता, तिच्या आईने पडदे शिवले होते, तीच. तिने तीही हळूच सारली. खोली लहान लहान होत दिसेनाशी झाली.

मी तडक मॅडमकडे. "मॅडम, तुमचं अ‍ॅप बिघडलंय. आमचं घर उलट्या बाजूला गेलंय!"

"अ‍ॅप ठीक आहे, काका. त्याच खोलीत दार लावून गोळ्या घ्यायची ना ती? तिला तिथे जायची धास्ती वाटते."

"म्हणजे घरी येणारच नाही?"

"तुम्हाला ती बरी व्हायला हवी, की घरी यायला हवी?"

मी फुगून बसलो. उत्तर दिलं ते माझ्यामागून आलेल्या लेकीच्या आईने: "जगू दे हो तिला. कुठेही."

लेक आता मावशीकडे राहते, नोकरी करते. व्यसन सुटलं असं छातीठोकपणे म्हणू नका, हे मॅडमनीच बजावलंय. सुट्टीला आम्ही पाहुण्यांसारखे जातो, चहा घेतो, निघतो. परवा मी चपला घालत होतो, तर तिने माझी बाही धरली. म्हणाली, "बाबा, थांबा ना थोडं."

मॅडम, आमच्या घरी होती तेव्हा ती मला असं कधी म्हणाली नव्हती.

सर्वांचे मनापासून आभार. बापाच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर पोटात घाला.