साखर नाही म्हणजे नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "अगं बी-हा, साखर विसरलीस की काय?" विसरले? मी? अहो, ज्या बाईने चाळीस वर्षं या घरातल्या खिम्याच्या पातेल्यात मुठी भरभरून खडीसाखर ओतली, ती साखर विसरेल? विसरले नाही, वन्सं, घातली नाही! आणि घालणारही नाही. साखर नाही म्हणजे नाही!

या वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, किम-थो. नवऱ्याच्या घरी असतात, पण नाक इथेच ठेवून गेलेल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्या, वास घेतला, आणि चपला काढायच्या आत सुरू! बरं, दिवस कुठला? सासूबाईंच्या श्राद्धाचा. म्हणजे भांडायची सोय नाही. तरी मी भांडले ते सोडा.

तुम्हाला सांगते, मी मूळची कीलुंगची, तैवानच्या उत्तर टोकाची. बंदराचं गाव, बारा महिने पाऊस, खारा वारा, आणि आमचा खिमा कसा? खारा! सोया सॉसचा, चक्रीफुलाचा, मिऱ्याचा. आणि लग्न होऊन पडले कुठे? पार दक्षिणेला, ताइनानात! इथले लोक माशात साखर घालतात, नूडल्सच्या रश्शात साखर घालतात, उद्या बायको रुसली तर तिच्यावरही दोन खडे टाकतील! नवी नवरी होते, पहिल्यांदा खिमा केला, सासूबाईंनी एक घास घेतला, वाटी खाली ठेवली, आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "समुद्र घेऊन आलीस का गं माहेराहून?" झालं! त्या दिवसापासून गोड. भातावर तेच, नूडल्सवर तेच, उकडलेल्या पालेभाजीवर तेच, टोफूवर तेच, पोरांचे डबे तेच, पाहुणा आला की त्यात अंडी सोडायची की झालं जेवण तयार! एक पातेलं खिमा असला की घर चालतं हो. पण घर चाललं त्यांच्या चवीवर. मी नुसती ढवळत राहिले.

म्हणून यंदा ठरवलं. सासूबाई गेल्या, श्राद्धाला नेहमी मीच रांधते, मग एकदा... एकदाच... माझ्या आईसारखा करीन. साखर नाही म्हणजे नाही!

सकाळी बाजारात गेले. तो खाटीक दात काढून विचारतो, "आजी, मशीनमधून काढून देऊ? दोन मिनिटांत होईल." म्हटलं, तुझी मशीन तुझ्या घरी! मशीनच्या खिम्याचा चिखल होतो चिखल. डुकराच्या पोटाचं मांस कातडीसकट घ्यायचं, सुरीने बारीक चिरायचं, मनगट दुखलं पाहिजे. मग लहान लाल कांदे उभे चिरून चरबीत तळायचे. इथे डोळा चुकला की कांदा कडू, आणि फोन आलेला असतोच! मग मांस परतायचं, चरबी सुटेपर्यंत, मग सोया सॉस, मग तांदळाची दारू, मग तळलेला कांदा, मग मंद आचेवर ठेवायचं आणि बसायचं शेंगा सोलत. चाखायचं मात्र नाही! नैवेद्याचं ना ते, आधी तोंडाला लावलं तर पितर उष्टं खाणार? नुसत्या वासावर चालायचं. आणि वास... काय सांगू... थेट आईचा पदर!

तर ताटं मांडली. सासूबाईंच्या नावाची लाकडी पाटी देव्हाऱ्यात, माणूस गेलं की त्यातच राहतं आमच्यात; समोर भाताची वाटी, त्यावर माझा खिमा, बाजूला मासा, दारूचा पेला, जेवायच्या काड्या. उदबत्त्या लावल्या. आता आमच्यात पितर जेवल्याशिवाय जिवंत माणसाने जेवायचं नाही. आणि जेवले की नाही ते नाण्यांना विचारायचं. दोन नाणी टाकायची. एक उताणं एक पालथं पडलं की हो. दोन्ही पालथी, नाही. दोन्ही उताणी पडली की पितर नुसते हसतायत, ना हो ना नाही!

आमच्या ह्यांनी हात जोडले. "आई, जेवण झालं का?" टाकली नाणी. दोन्ही पालथी. नाही.

थांबलो. पुन्हा टाकली. नाही! उदबत्ती अर्ध्यावर आली. पुन्हा. नाही!

वन्सं उभ्याच होत्या कमरेवर हात ठेवून. "बघितलंस? आईने तोंड लावलेलं नाही! मी विचारते." आणि पाटीसमोर असा काही गळा काढला... "आई गं, तुला साखर हवी का गं?" टाकली. दोन्ही उताणी!

"हसली! आई हसली! म्हणजे हवी!"

म्हटलं, "वन्सं, हसली म्हणजे तुम्हाला हसली!"

मग आमचे हे. बिचारे भुकेने पांढरे पडलेले. "आई, दारू कमी पडली का? मासा आवडला नाही का? पंखा लावू का?" पंखा! अहो मेलेल्या बाईला पंखा विचारतायत! नाणी आपली पालथीच. मग माझ्या कानाशी आले हळूच, "दोन खडे टाक ना गं. कोण बघतंय?"

"तुमची आई बघतेय ना! म्हणूनच तर टाकत नाही! साखर नाही म्हणजे नाही!"

इथे वन्संनी शेवटचं काढलं. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "हे बघ बी-हा. आई जर या घरात उपाशी राहणार असेल, तर तिची पाटी धाकट्या भावाकडे नेऊ. त्याची बायको ताइनानची आहे. तिला कळतं आईला काय लागतं ते."

आणि आमचे हे? आईच्या पाटीचा प्रश्न, आणि माणूस पंख्याकडे बघतोय!

पाटी नेणार? माझी सासू? भांडले कोण तिच्याशी? मी. शेवटची तीन वर्षं तिला उचललं, पुसलं, तिच्या शिव्या खाल्ल्या कोणी? धाकटीने? ती यायची पेरू घेऊन, बसायची गालाला गाल लावून, जायची! आणि आता उठून तिच्याकडे जाऊन राहणार? मग मी सकाळी कोणाकडे बघून पुटपुटायचं हो? घरात भांडायला माणूस नको?

उचलली मी नाणी. म्हटलं, सरका सगळे! तुम्हाला विचारताच येत नाही. ही बाई जन्मात कधी तोंडाने काही मागायची नाही. रिकाम्या वाटीवर काड्या आडव्या ठेवायची आणि भिंतीकडे बघायची. ओळखायचं आपण! आता काड्या आडव्या ठेवायला तिला हात कुठले? पाटीसमोर उभी राहिले, हातसुद्धा जोडले नाहीत, नेहमी जसं विचारायचे तसंच विचारलं, "अजून वाढू का?"

एक उताणं. एक पालथं.

हो!

वन्सं म्हणाल्या, "पुन्हा टाक." टाकली. हो! "पुन्हा!" टाकली. हो! हो हो हो! जिवंतपणी मला 'समुद्र' म्हणाली, आणि आता दुसरी वाटी मागतेय! मी पळी भरून वाढला, वरून आणखी अर्धी, आणि विचारलं, आता झालं? एक उताणं, एक पालथं. झालं!

मग काय, पाटीचं नाव काढलं नाही कोणी. सगळे तुटून पडले जेवणावर. वन्सं तीन वाट्या भात जेवल्या. जाताना चपला घालत म्हणाल्या, "खिमा... बरा होता." बरा! मी दाराला टेकून उभी, छाती अशी फुगलेली की दारातून आत येताना वाकडी झाले!

सगळे गेले, हे लवंडले. मी सकाळपासून उपाशी. पातेल्याच्या तळाशी राहिलं होतं थोडं, त्यात भात घातला, निपटून घेतला, आणि ओट्याशी उभ्यानेच पहिला घास घेतला. माझा खिमा. आईचा. कीलुंगचा. चाळीस वर्षांनी.

खारट हो.

नाही, म्हणजे खारटच असतो तो... पण नुसताच खारट! घशाखाली उतरेना! म्हटलं, भूक जास्त झाली असेल. दुसरा घास घेतला. तसाच. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हे घोरतायत. खडीसाखरेची बरणी काढली, एक खडा टाकला, ढवळलं, चाखलं... आणखी एक टाकला... आणि मग, तुम्हाला सांगते, पातेलं पुसून स्वच्छ केलं मी बोटाने.

काय करणार? साखर नाही म्हणजे नाही, हे मी नवऱ्याला ऐकवलं, नणंदेला ऐकवलं, मेलेल्या सासूला ऐकवलं... जिभेला तेवढं विचारायचं राहून गेलं!