एकशे आठ नंबरचं

एकशे आठ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? अँब्युलन्सच ना? मलाही तीच आठवली, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

कारध्याच्या रूथमावशी फार आजारी होत्या. रविवारची उपासना आटोपून आम्ही चौघे गिटार घेऊन त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. चर्चमधली जुनी गीतपुस्तकं कपाटात बंद करून पडद्यावर नवी गाणी दाखवायची, ही आयडिया माझीच. त्यातलंच एक मावशींच्या खाटेजवळ बसून जोरात म्हटलं. मावशींनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "एकशे आठ... एकशे आठ..."

त्यांचा मुलगा रडायलाच लागला. मी लगेच फोन लावला. थोड्या वेळात गाडी दारात आणि स्ट्रेचर घरात.

मावशींनी डोळे उघडले. "हे कायले आणलं?"

मी म्हटलं, "तुमीच त म्हटलं ना, एकशे आठ!"

"अरे बाबू, मी जुन्या पुस्तकातलं गीत म्हणा म्हटलं. एकशे आठ नंबरचं."

आम्हा चौघांपैकी एकालाही ते येत नव्हतं. मी उगाच हसून म्हटलं, "मावशी, आता नंबर कोण ध्यानात ठेवते? पहिली ओळ सांगाची ना."

मावशींनी श्वास गोळा केला.

"ओळ सांगाले छातीत दम पायजे, बाबू. नंबर एका श्वासात होते. तुमच्या गाण्याईले नंबरच नाई, त मरतानी मांगू कसं?"