ओठावरचा फोड आणि आत्याची चौकशी

माझा साखरपुडा ओठावरच्या फोडापायी मोडता मोडता राहिला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. ताप येऊन गेला आणि ओठाच्या कोपऱ्यात आधी चुरचुर, मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोसच उठला. आत्या म्हणाली, "कोळी मुतलाय. पीठ लाव." लावलं, तर ओठ आणखीच सुजला.

शेवटी आत्यालाच घेऊन भिवंडीत डॉक्टरीणबाईंकडे गेले. "हर्पिस आहे, मलम देते," त्या म्हणाल्या. झालं! परतीच्या रिक्षात आत्यानं मोबाईलवर ते नाव शोधलं, हा शरीरसंबंधातून लागणारा रोग असं वाचलं आणि आमच्या अंबाडी गावी घरात पाऊल टाकताच कडाडली, "खरं सांग, कोन हाय तो?"

"कोण तो?"

"ज्याच्यापासून तुला ह्यो रोग लागला! पाव्हन्यांना काय तोंड दावू?"

आई रडायला लागली. बाबा पडघ्याच्या नवऱ्याकडच्यांना फोन लावायला लागले. मी तो हिसकावला आणि स्पीकरवर डॉक्टरीणबाईंनाच लावून आत्याची शंका सांगितली.

"अहो, हा तापानं उठणारा फोड!" बाई वैतागल्या. "विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो, मग दडून बसतो. ओठावर असा फोड असताना घरातल्याच कुणीतरी बाळाचा पापा घेतलेला असतो."

बाबा हळूच म्हणाले, "ताई, तुला तर दर उन्हाळ्यात असाच..."

"मंग?" आत्या माझ्यावरच उसळली. "भाचीचा पापा पन घेऊ न्हाय का?"