भोंगा वाजला अन् गाव घरात

वैनगंगेच्या काठी एक गाव आहे, तिथला पुराचा भोंगा मी बसवला. गावानं पुरातून वाचावं म्हणून एका संस्थेनं अनुदान दिलं होतं, अन् आपलं लाउडस्पीकरचं दुकान. फिटिंग अशी केली, की आवाज पार नदीपल्याड जाये.

संस्थेच्या मॅडम तपासणीले आल्या. भोंगा वाजला की टेकडीवरच्या शाळेत यायचं, हे गावाले आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. मी बटन दाबलं. दोन मिनिटांत रस्त्यावर चिटपाखरू नाई! पटापट दारं लागली, शेळ्यासुद्धा आत घेतल्या.

मॅडम म्हणाल्या, "रफीकभाऊ, लोक घरात का चालले?"

मी पहिल्याच दारावर थाप मारली. आतून म्हातारी कौसाबाई वरडली, "वाघ गेला का?"

आता घ्या! त्या गावात हाकाटी झाली की वाघ आला, अन् वाघ आला की दार लावायचं. एका दिवसाच्या सांगण्यानं पाय थोडेच ऐकते!

"बाई, मंग तुमचं गाव बाहेर कशानं निघते?"

"लग्नाच्या बाजानं."

मी भोंग्यावर वरातीचा बँड लावला. म्हातारेकोतारे, लेकरं, सारे टेकडीवर!

त्याच पावसाळ्यात नदी खरंच चढली. बँड वाजला, अन् पाणी पहिल्या घरी पोचायच्या आत गाव वर. मॅडमचा फोन आला, "कुणी मागं राहिलं का?"

म्हटलं, "एकही नाई. पण कौसाबाई ताट घेऊन बसली आहे. जेवण पाठवा मॅडम, नाईतर पुढच्या पुराले कोणी येणार नाई."