ताज्या बर्फासाठी

(कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार उघडं. आमोदच्या खांद्यावर स्कीची लांब पिशवी.)

यज्ञेश्वर : ...ते धूड बाहेरच राहू द्या. घरात जावई यायचे आहेत.

आमोद : बाबा, आत तरी येऊ द्या. श्रीनगर, दिल्ली, मग पुणे. एअरपोर्टवर बसून बसून पाठ मोडलीय माझी.

यज्ञेश्वर : अरेरे! आमची पाठ मजेत आहे. मुलीचं लग्न लावलं, हॉल रिकामा करून दिला, भाडेवाल्यांची भांडी परत केली. बाकी आराम होता.

स्पृहा : बाबा, येऊ द्या त्याला. जिन्यात तमाशा नको. ये आत, दार लाव.

आमोद : स्पृहा! तू आलीस सासरहून? सॉरी यार, खरंच सॉरी. रनवेवर बर्फ होता, खालचा हायवे बंद, फ्लाइट रोज कॅन्सल...

स्पृहा : बघितलं बातम्यांत.

आमोद : मग? वेदर काय माझ्या हातात आहे?

यज्ञेश्वर : छे हो. आपल्या हातात फक्त परतीचं तिकीट होतं. ते आपण पुढे ढकललंत.

आमोद : हे कोण म्हणालं तुम्हाला?

स्पृहा : ऋषी.

आमोद : ऋषी पोचला लग्नाला?

स्पृहा : वेळेत. वादळ येतंय कळल्यावर चाकांना साखळ्या लावलेली टॅक्सी करून तो गुलमर्गहून खाली उतरला. तुलाही चल म्हणाला होता. माझं त्याचं नातं काय, तर तुझा मित्र.

आमोद : घाबरट आहे तो. माझं सगळं प्लॅन्ड होतं. रात्री ताजा बर्फ पडणार, सकाळी मस्त स्की करायचं, दुपारी निघायचं. मेंदीलाही पोचलो असतो.

यज्ञेश्वर : मग केलंत का मस्त स्की?

आमोद : ...नाही.

यज्ञेश्वर : का बरं?

आमोद : वाऱ्यामुळे वर जायची केबल कार बंद होती.

यज्ञेश्वर : म्हणजे आपण काय केलंत?

आमोद : हॉटेलवर होतो. पत्ते खेळलो.

यज्ञेश्वर : वा! सख्ख्या बहिणीचं लग्न सोडून पत्ते कुटले. चिरंजीवांना धड वायाही जाता येत नाही.

आमोद : बास ना, बाबा. व्हिडिओ कॉलवर होतो की मी. सगळं बघत होतो.

स्पृहा : सगळं नाही. लाजाहोमाच्या आधी तुझा कॉल कट झाला.

आमोद : रेंज गेली. तिथे लाइटसुद्धा नव्हती.

स्पृहा : गुरुजी म्हणाले, मुलीच्या भावाला बोलवा, लाह्या घालायला. मी ओंजळ पुढे केलेली. आणि बाबा हॉलच्या दाराकडे बघत राहिले. तू काश्मीरमध्ये अडकलायस हे पक्कं माहीत असताना.

यज्ञेश्वर : ते सांगायची गरज नाही.

स्पृहा : आहे. गुरुजींनी परत विचारलं. कोणी हलेना. मग मागच्या रांगेतून ऋषी उठला, पायातले बूट काढले आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

आमोद : कानपिळीसुद्धा त्यानेच...?

स्पृहा : हो. चांगला जोरात पिळला सुदर्शनचा कान. सगळे हसले, मीही हसले. छान झालं लग्न, दादा. काही अडलं नाही.

आमोद : मग प्रॉब्लेम काय आहे?

स्पृहा : मला वाटलं होतं, तू नाहीस म्हणून रडू येईल. नाही आलं. तो प्रॉब्लेम आहे.

आमोद : ...हे बघ, तुझ्यासाठी शाल आणलीय. पश्मिना.

स्पृहा : एअरपोर्टवरची. पिशवीवर नाव आहे दुकानाचं.

आमोद : तिथेच तर वेळ मिळाला ना.

यज्ञेश्वर : वेळेची कमी कधीच नव्हती साहेबांना.

आमोद : आई असती तर तिने समजून घेतलं असतं मला.

स्पृहा : आई असती तर दाराकडे बघत बसायचं काम तिने केलं असतं. बाबांची सुटका झाली असती, एवढंच.

आमोद : चुकलं माझं. अजून काय करू? पाया पडू का तुमच्या?

यज्ञेश्वर : नको, नको. आपले गुडघे जपा. पुढच्या वर्षी परत बर्फ पडेल.

आमोद : स्पृहा, तू तरी...

स्पृहा : बेल वाजली. सुदर्शन आला असेल, गाडी लावत होता खाली.

आमोद : थांब, मी उघडतो. निदान तेवढं करू दे. ...काय बोलू गं मी त्याच्याशी?

स्पृहा : साखरपुड्यालाही नव्हतास तू. आधी नाव सांग.