रोहनच्या गाडीचे पंखे

तुम्ही नेहमी विचारता ना, आमच्या बिल्डिंगखाली ती लाल, बुटकी स्पोर्ट्स कार कोणाची? आमच्या रोहनची. तो कॅनडाला गेला आणि गाडी इथे मुलुंडलाच राहिली. आमचे हे दर रविवारी ती थोडा वेळ चालू करून ठेवायचे. मग रेडिएटरचे दोन्ही पंखे बंद पडले आणि इंजिन तापायला लागलं.

"पोरगा येईल तेव्हा गाडी तयार हवी," म्हणत ह्यांनी मेकॅनिककडून नवे पंखे बसवून घेतले. पंखे भर्रकन फिरले, तसा ह्यांनी रोहनला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ रे, झकास फिरतायत ना?"

मेकॅनिकने गाडी बंद केली. पंखे थांबले.

"कशाला एवढं केलंत, बाबा? विकून टाका ना ती."

"अरे, मग आल्यावर काय चालवशील?"

"बाबा, मी आता परत नाही येणार. इथेच राहायचं ठरवलंय."

हे फोन कानाला लावून मोठ्याने म्हणाले, "काय म्हणतोस? पंख्यांच्या आवाजात काही ऐकूच येत नाही रे!"