राजाला हाक मारायची कशी?

अरे, कुत्र्याला कडक आवाजात नावानं हाक मारायची, हा आमच्या शिकवणीतला पहिला धडा. सिन्नरच्या एका काकूंकडे पहिल्याच दिवशी त्याचा बोजवारा उडाला. गेट उघडलं आणि त्यांचा कुत्रा राजा सुटला थेट एसटीच्या मागे!

मी ओरडलो, "काकू, नावानं हाक मारा!"

काकू आपल्या नुसत्याच "यू यू, शुक शुक"! शेवटी मीच रस्त्यावरून त्याला धरून आणला.

"नाव का नाही घेतलंत?"

काकूंनी लाजून दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर काकांचं नाव, राजाराम! "लेकीनं कुत्रं नावासकट आणून दिलं. मी कसं घेऊ?"

"मग काकांना कशी हाक मारता?"

"अहो."

झालं! राजाला मी 'अहो'वरच शिकवला. आठवड्यानं परीक्षा. काकू म्हणाल्या, "अहो!" राजा धावत आला. आतून काकाही आले. काकू म्हणाल्या, "बसा!" दोघंही बसले.

काकूंनी राजाला भाकरीचा तुकडा दिला, पाठ थोपटली, "शाब्बास!"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "लग्न झाल्यापासून हाकेला धावतोय मास्तर, मला एकदाबी शाब्बास नाय म्हणाली!"